‘फाइल’ची तिसरी चिठ्ठी

चिठ्ठीबाई कशाकशाला घाबरत नसत हे सांगणं सोपं आहे, कारण ती यादी अगदी छोटी. पाल, झुरळ आणि अंधार. बाकी सगळ्याला घाबरत. दार वाजलं की दचकत. फोन वाजला की आधी "अगं बाई!" म्हणत आणि मग उचलत. ऑफिसात कुणी नुसतं "जरा इकडे या" म्हटलं की त्या मनात देवाचं नाव घेत. तिथे गेल्यावर कळे, की खिडकीची कडी अडकली आहे आणि ती ओढायला आणखी दोन हात हवेत. शाळेत असताना मास्तरांनी दुसऱ्याच मुलीला "खरं सांग, कुणी केलं?" असं विचारलं तरी रडायला ह्या लागत. अशी माणसं असतात. आपण त्यांना हसतो, आणि त्यांच्याशिवाय आपलं एकही ऑफिस धड चालत नाही, कारण घाबरणारं माणूस प्रत्येक गोष्ट दोनदा तपासून बघतं.

बाई कामाला होत्या शब्दकोशाच्या ऑफिसात. खाली चष्म्याचं दुकान, वर तीन खोल्या, खोल्यांच्या भिंतींना छतापर्यंत लाकडी खण आणि खणांत चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. इंग्रजी शब्दांचे सगळे अर्थ आपल्या भाषेत सांगणारा मोठा कोश तिथे तयार होत असे. एक आवृत्ती निघून गेली होती, दुसरीची तयारी चालली होती. बाईंचं काम वाचायचं. पुस्तक उघडायचं, एखादा शब्द वेगळ्या अर्थाने आला की ते वाक्य पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठीवर जसंच्या तसं उतरवायचं, खाली पुस्तकाचं नाव, पान, तारीख आणि आपली सही. दिवसाला पाच चिठ्ठ्या झाल्या की पुष्कळ झालं. अशी एकतीस वर्षं गेली आणि चिठ्ठ्या चाळीस हजारांच्या वर गेल्या. त्यांचं खरं नाव आता फक्त हजेरीच्या वहीत होतं. बाकी सगळ्यांना त्या चिठ्ठीबाई.

हे ऑफिस उभं केलं ते सरांनी. सर जाऊन आता दहा वर्षं झाली, पण त्यांचे नियम अजून तिथेच बसून होते. एका अर्थाला तीन वेगवेगळ्या पुस्तकांतल्या तीन चिठ्ठ्या हव्यात. दोनच मिळाल्या तर तो अर्थ कोशात जाणार नाही, मग तो कितीही खरा असो. तीनही चिठ्ठ्यांच्या डाव्या कोपऱ्याला भोक पाडायचं, त्यांत पांढरा दोरा ओवायचा, गाठ मारायची आणि दोऱ्याला किती चिठ्ठ्या आहेत त्याचा आकडा बांधायचा. भोकाच्या त्या कोपऱ्याला ऑफिसात सगळे ‘कान’ म्हणत. चिठ्ठी बाद झाली की तिचा कान कापायचा. एकदा कान गेला की ती दोऱ्यावरून गळून पडायची आणि पुन्हा कधी ओवता यायची नाही.

आणखी एक नियम होता, आणि बाईंना त्याची सगळ्यांत जास्त भीती. एखाद्याच्या हातची एक जरी चिठ्ठी खोटी निघाली, तर त्या हातच्या सगळ्या चिठ्ठ्या बाद. सगळ्या म्हणजे सगळ्या. सर म्हणायचे, "माणूस आयुष्यात एकदाच खोटं बोलला असेल, कबूल. पण ते कोणत्या वेळी, हे आपल्याला कसं कळायचं?"

आणि बाईंनी एकदा खोटी चिठ्ठी लिहिली होती.

ती ‘फाइल’ची. सरांचा ह्या शब्दावर फार जीव. साधा शब्द, रोज तोंडात असणारा, आणि सरांनी त्याच्यापायी पुरतं एक वर्ष घातलं. नवं कुणी आलं की ते त्याला समोर बसवून विचारत, "फाइल म्हणजे काय?" तो बिचारा टेबलावरच्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवी. सर खूश. "तो पुठ्ठा नंतर आला हो! मूळचा आहे धागा. लॅटिनमध्ये धाग्याला म्हणतात फिलुम. पूर्वी कागद दोऱ्यात नाहीतर तारेत ओवून ठेवायचे, म्हणून ओवलेले कागद म्हणजे फाइल. मग कागदांचा गठ्ठा झाला, मग पुठ्ठा झाला, आता कॉम्प्युटरमध्ये ना दोरा ना कागद, तरी फाइलच. आणि सैनिक एकामागे एक उभे राहतात ती रांग, तीही ह्याच धाग्यातली." आपल्या चिठ्ठ्या दोऱ्यात ओवायची कल्पना सरांना इथूनच सुचली होती.

"आता दुसरी फाइल घ्या," सर पुढे सांगत. "लोखंड घासायची कानस. ही धाग्यातली नव्हे बरं का. ही जुन्या इंग्रजीतली, हिचं घराणंच वेगळं. दिसायला जुळ्या बहिणी, पण रक्ताचं नातं नाही." आणि मग ते आवाज खाली आणत, जणू घरातलं गुपित सांगताहेत. "तिसरी कुणाला माहीत नसते. फाइल म्हणजे मळवणं. घाण करणं. हीसुद्धा जुन्या इंग्रजीतली, पण कानशीशी हिचा संबंध नाही. आता एकटी कुठे दिसत नाही, ‘डिफाइल’मध्ये तेवढी लपून बसली आहे. एका शब्दाच्या दारामागे तीन बिऱ्हाडं, आणि एकमेकांची ओळख नाही!"

धाग्याला चिठ्ठ्या मिळाल्या, कानशीला मिळाल्या. मळवण्याला मिळाल्या दोनच. सर कासावीस झाले. एफचा भाग सोमवारी छापायला जायचा होता. सार्वजनिक ग्रंथालयात एका विस्मरणात गेलेल्या इंग्रज पाद्र्याच्या प्रवचनांचा जाडजूड ग्रंथ होता. घरी न्यायला मिळत नसे, तिथेच बसून वाचायचा. सरांनी तो बाईंवर सोपवला. "ह्यात नक्की असेल. हे लोक सारखे पापाबद्दलच बोलतात."

बाईंनी एकशे बारा पानं वाचली. मग मुलीला गोवर निघाला. चार दिवस त्या घरी बसून राहिल्या, आणि सोमवारी ऑफिसात पाऊल टाकतात तोच सरांनी विचारलं, "मिळाली का तिसरी?"

"नाही" म्हणायला असं किती लागतं? पण समोर सर, त्यांचं वर्षभराचं काम, आणि ते डोळे. बाई घाबरल्या. त्यांच्या तोंडून "हो" गेलं.

ऑफिसातले सगळे जेवायला बसले तेव्हा बाईंनी डबा उघडलाच नाही. एक चिठ्ठी घेतली आणि त्या पाद्र्याच्या वळणाचं वाक्य आपल्या मनाने इंग्रजीत रचलं. अर्थ असा, की शेजाऱ्याची विहीर मळवणारा माणूस पहिला घोट स्वतःच पितो. खाली ग्रंथाचं नाव, पान दोनशे अठ्ठ्याऐंशी, तारीख, सही. भोक पाडलं, दोरा ओवला, गाठ मारली. सरांनी वाक्य वाचलं आणि मोठ्याने "वा!" म्हणाले. "ह्या माणसाला भाषा कळत होती!" पुढचा आठवडाभर ते वाक्य ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत राहिले, आणि दर वेळी बाईंना वाटे आपण आता चक्कर येऊन पडणार.

अर्थ खरा होता, त्याचा साक्षीदार तेवढा खोटा. त्यानंतर बाईंनी एकही चिठ्ठी पुस्तकाशी तीन वेळा ताडून बघितल्याशिवाय सोडली नाही. बावीस वर्षं. पण त्या एका चिठ्ठीची भीती मनात राहिली ती राहिलीच. सर गेले त्या दिवशी रडता रडता बाईंना क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची त्यांना आजही लाज वाटते.

मग दहा वर्षांनी नव्या संपादक आल्या. वय पस्तिशीचं, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "दुसरी आवृत्ती निघायच्या आधी प्रत्येक चिठ्ठी मूळ पुस्तकाशी ताडून बघायची. ए पासून सुरुवात." ऑफिसाने आठवड्याभरात त्यांचं नाव चाळणी ठेवलं. चाळणीमॅडम रोज सकाळी पुस्तकांची यादी काढत, ग्रंथालयांना पत्रं पाठवत, पुस्तकं मागवत, पान उघडत आणि पेन्सिलीने बारीक खूण करत. बाईंनी त्याच दिवशी मनात अक्षरं मोजली. ए, बी, सी, डी, ई, एफ. पाच अक्षरं मध्ये होती.

ए संपलं. बी संपलं. बाईंना जेवण जाईना. सी लांबलचक, त्याने दोन महिने खाल्ले, आणि बाई त्या सीला मनोमन हात जोडत होत्या. मग डीमध्ये काका सापडले.

काका हे ऑफिसातले सगळ्यांत जुने वाचक. सतरा हजार चिठ्ठ्या. त्यांची एक चिठ्ठी एका प्रवासवर्णनाच्या चाळिसाव्या पानावरची होती, आणि चाळिसाव्या पानावर ते वाक्य नव्हतं. एकेचाळिसाव्यावर नव्हतं, कुठल्याच पानावर नव्हतं.

"वाक्य माझ्या डोळ्यांसमोर आहे हो," काका म्हणाले. "दुसऱ्या कुठल्या पुस्तकात असेल. मी आठवणीतून लिहिलं, एवढंच चुकलं."

"डोळ्यांसमोर असून काय उपयोग, काका? पानावर हवं," चाळणीमॅडम म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

नियम लागू झाला. काकांच्या सतरा हजार चिठ्ठ्यांचे कान कापायचे, आणि ते काम आलं बाईंकडे, कारण सगळ्यांची अक्षरं त्यांना ओळखता येत. अकरा दिवस त्या कापत होत्या. काका समोर बाकावर बसून असायचे. एकदा बाईंचे डोळे भरून आले तशी काकाच म्हणाले, "अगं, काप तू. तू कापतेस तेच बरं आहे. परक्याने कापलं असतं तर जास्त लागलं असतं." बाराव्या दिवसापासून काका यायचे बंद झाले.

खरा माणूस घरी बसला होता आणि खोटा माणूस कात्री चालवत होता. हे बाईंना कळत होतं. कळूनही त्या गप्प राहिल्या, कारण त्यांना भीती वाटत होती. एकतीस वर्षांत त्यांनी दुसरं काहीच केलं नव्हतं. घर, मुलगी, आणि ह्या चिठ्ठ्या. चाळीस हजारांचे कान गेले तर आपण जगात काय केलं, असं कुणी विचारलं तर दाखवायला काय उरणार?

ई लहान निघालं. एका सोमवारी चाळणीमॅडमनी एफचा पहिला खण उघडला. बाई आता शब्द मोजू लागल्या. फेस, फॅक्ट, फेअर. रोज संध्याकाळी निघताना त्या हळूच बघत, पेन्सिलीची खूण कुठवर आली. फॉल. फॅन. फास्ट. ‘फील्ड’ला पोचल्यावर त्यांना रात्रीची झोप लागेना.

बाईंचा नवरा किल्लीवाला. चौकात त्याची टपरी, तीन हात लांब, दोन हात रुंद, भिंतीला टांगलेल्या हजारभर किल्ल्या. एका दुपारी बाई ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन सरळ तिथे गेल्या. तो पकडीत किल्ली धरून कानस चालवत होता.

"अहो, मी एक खोटं लिहिलंय," बाई म्हणाल्या.

"कुठे?"

"कोशात."

"केवढं?"

"दोन ओळी. बावीस वर्षांपूर्वी."

नवरा मोठ्याने हसला. हसून हसून त्याच्या हातातली कानस खाली पडली. "मला वाटलं घराच्या कागदांवर काही करून बसलीस! अगं, दोन ओळी! तुमचा तो कोश उचलायला दोन माणसं लागतात, त्यात दोन ओळी कोण बघणार?"

"चाळणी बघणार. फिगर झालं की फाइल." आणि बाईंनी त्याला नियम सांगितला.

तेव्हा कुठे त्याने त्यांच्याकडे नीट बघितलं. नवऱ्याचं हसू गेलं. त्याने स्टूल पुसलं, त्यांना बसवलं आणि प्यायला पाणी दिलं. "मग काढून टाक ना ती. माझी किल्ली बिघडली तर मी भंगारात टाकतो आणि दुसरी घासायला घेतो. कुणाला सांगत बसतो का?"

"दोऱ्याला आकडा बांधलाय. तीन. सरांच्या अक्षरात."

"मग दुसरी लिहून घाल. खरी."

हे मात्र बाईंना पटलं. पुढचे पंधरा दिवस ऑफिस सुटलं की त्या ग्रंथालयाच्या वाचनकक्षात जाऊन बसत, जुने इंग्रजी ग्रंथ काढत आणि पानांमागून पानं उलटत. मळवणारी ती फाइल कुठे तरी भेटेल, एकदाच भेटेल. पापं भेटली, विहिरी भेटल्या, शेजारी भेटले. ती नाही भेटली. पाद्र्याचा तो ग्रंथ मागायचं धाडस काही त्यांना झालं नाही. मागितला असता तर चाळणीमॅडमच्या आधी कुणाला तो हवा होता हे ग्रंथपालाच्या वहीत आलं असतं, ह्याचीसुद्धा त्यांना भीती.

फाइट झालं. फिगर झालं. मंगळवारी सकाळी अकरा वाजता चाळणीमॅडमनी हाक मारली, "बाई, जरा इकडे या."

बाई उठून गेल्या. मॅडमच्या समोर तो दोरा पसरलेला होता. तीन चिठ्ठ्या, वरच्या दोन्हींवर पेन्सिलीची खूण, तिसरीवर नाही. शेजारी ग्रंथालयाचं पत्र.

"ही तुमची ना?"

"माझी."

"ह्या पुस्तकाचं काय झालंय बघा," मॅडम वैतागून म्हणाल्या आणि पत्र पुढे सरकवलं. ग्रंथालयाने कळवलं होतं, की मागवलेला ग्रंथ वाळवीने खाल्ल्यामुळे सहा वर्षांपूर्वीच काढून टाकला आहे, आणि दुसरी प्रत कुठे असल्याचं आमच्या माहितीत नाही.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. त्यांना अक्षरं नीट दिसेनात.

"अशा वेळी काय करायचं तेही सरांनी लिहून ठेवलंय," मॅडम म्हणाल्या. "पुस्तकच नसेल तर वाचकाने सही करून द्यायची. मग चिठ्ठी धरायची." त्यांनी एक छापील कागद काढला. त्यावर एकच ओळ होती: ही चिठ्ठी मी मूळ पुस्तक समोर ठेवून लिहिली आहे. "करा सही, बाई. तुमच्या आतापर्यंत चार हजार सहाशे चिठ्ठ्या ताडून झाल्या, एकीचाही स्वल्पविराम चुकला नाही. खरं सांगू? तुमची चिठ्ठी आली की मी जरा टेकून बसते."

मॅडमनी पेन पुढे केलं, आणि बाईंनी ते घेतलं. एक सही करायची होती. जगात एकाही माणसाला कधीही कळणार नव्हतं. पुस्तक वाळवीच्या पोटात होतं, सर वर गेले होते. बावीस वर्षं जिची भीती वाटली ती गोष्ट संपली होती. एवढं होऊनही बाईंना सुटल्यासारखं वाटलं नाही. उलट आजवर कधी वाटली नव्हती एवढी भीती वाटली. आत्तापर्यंत त्या दुसऱ्या कुणाला भीत होत्या. आता खोलीत भ्यायला दुसरं कुणी नव्हतं.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "पुस्तक समोर नव्हतं."

"म्हणजे?"

"दोनशे अठ्ठ्याऐंशी पानापर्यंत मी पोचलेच नाही. वाक्य माझं आहे. मी रचलं."

चाळणीमॅडम उठल्या, त्यांनी दार लावून घेतलं आणि पुन्हा बसल्या. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांना नवलच वाटलं, कारण मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता.

"हे मला सांगायला नको होतं तुम्ही," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्हाला कल्पना आहे का? एफ ते के, सहा अक्षरं, त्यांतल्या निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या तुमच्या आहेत. तुमचा हात काढला तर दर दुसरा दोरा तुटेल. कोश उभाच राहणार नाही. पुढच्या वर्षी छापायला देते असं मी लिहून दिलंय."

"हो."

"एकच ना? नक्की एकच?"

"एकच."

"मग सही करा." मॅडमनी कागद आणखी पुढे सरकवला. "तुम्ही काही बोलला नाहीत, मी काही ऐकलं नाही. अर्थ तर खरा आहे ना? खोटा अर्थ थोडाच घुसवलाय तुम्ही? करा सही, बाई, मी विनंती करते."

नऊ महिने ज्या मॅडमच्या नुसत्या चपलांचा आवाज ऐकून बाई दचकायच्या, त्या समोर बसून विनवत होत्या. बाईंना त्यांची दया आली. सही करावी असंही वाटलं, अगदी खरोखर वाटलं. घाबरलेल्या माणसाला नाही म्हणणं त्यांना कधी जमलं नव्हतं. एकदा नाही म्हणता आलं नाही म्हणून तर हे सगळं झालं.

"काकाही एकच म्हणाले होते," त्या म्हणाल्या.

"त्यांचं पुस्तक होतं. पान उघडून बघता येत होतं."

"म्हणजे मला वाळवीने वाचवायचं."

बाईंनी टेबलावरची कात्री उचलली. पहिल्यांदा कात्री नुसती हवेतच मिटली. दुसऱ्यांदा कान कापला गेला. तिसरी चिठ्ठी दोऱ्यावरून गळून टेबलावर पडली. दोऱ्यावर दोन राहिल्या. मळवण्याचा अर्थ कोशातून गेला. सरांचा लाडका, शंभर टक्के खरा अर्थ, आणि आपल्यामुळे गेला, ह्याचं बाईंना त्या क्षणी सगळ्यांत जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून बाई आपल्याच चिठ्ठ्या कापायला बसल्या. दुसऱ्या कुणाला अक्षर ओळखायला वेळ लागला असता. मॅडमनी आपली खुर्ची शेजारी आणली. त्या दोरे सोडत, बाई कान कापत, आणि गळालेली प्रत्येक चिठ्ठी कुणी तरी नव्याने वाचण्यासाठी टोपलीत जाई. खाली तारखा होत्या, तिथेच सगळा घोळ होता. अमुक तारखेला मुलगी पहिल्यांदा शाळेत गेली, त्या दिवशी पाच चिठ्ठ्या. अमुक तारखेला आई गेली, त्याच्या आदल्या दिवशी तीन. एका चिठ्ठीवर तेलाचा डाग. तो डाग कधी पडला हेही बाईंना आठवलं. त्या भराभर कापायला लागल्या, कारण वाचत बसलं तर हात थांबे. भीती गेली होती असं म्हणता येणार नाही. आज कुणी विचारेल, उद्या कुणी विचारेल, काका दारात येऊन उभे राहतील, असं त्यांना सारखं वाटत होतं. पण पान उलटावं तशी ती भीती रोज नवी होती. बावीस वर्षांची जुनी राहिली नव्हती.

पाचव्या दिवशी मॅडमचा हात थांबला. ‘फ्लोअर’चा दोरा होता. मधली चिठ्ठी पिवळी पडलेली, अक्षर मोठं, गोल, पेन दाबून काढलेलं. तारीख एकतीस वर्षांपूर्वीची. बाई कामाला लागल्या त्या दिवसाची. समासात लाल शाईने सरांनी लिहिलं होतं, ‘छान’.

"बाई," मॅडम म्हणाल्या, "हे पुस्तक माझ्या घरी आहे. हे वाक्य मी स्वतः वाचलंय, पान उघडून दाखवते उद्या. ही खरी आहे. एवढी एक राहू दे."

बाईंनी ती चिठ्ठी त्यांच्या हातातून घेतली. बराच वेळ बघितलं. चोवीस वर्षांची मुलगी, नवी साडी, नवं पेन, आणि सर काय म्हणतील ह्या धास्तीने श्वास रोखून काढलेली एकेक ओळ.

"अक्षर माझंच आहे, मॅडम," त्या म्हणाल्या, आणि कान कापला.